घाट उतरताना डिझेल वाचवू नका

आंब्याचा हंगाम सुरू झाला, की रत्नागिरीहून पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर या रस्त्याने पेट्या भरलेले टेम्पो कोल्हापूरच्या बाजाराकडे रात्रीच निघतात. उन्हात फळ तापू नये, सकाळच्या सौद्याला माल पोचावा, हा हिशेब बरोबर आहे. पण घाटात रात्री हाकेला ओ द्यायला कोणी नसते आणि बऱ्याच वळणांवर मोबाइलला रेंज मिळत नाही. म्हणून साखरप्यालाच पाणी, हवा, ब्रेक, दिवे पाहून घ्या आणि आता घाटाला लागतो, असा घरी फोन करा.

चढताना गाडी फार तर तापते. खरा धोका परतीच्या उतारावर. पेंड, खत नाहीतर किराणा भरून येताना काही जण डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. कोणी तर इंजिनच बंद करतात! बंधूंनो, आजच्या बहुतेक गाड्यांत, गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटरवरून पाय काढला, की इंजिनला डिझेल जवळजवळ जातच नाही. मग वाचले काय? उलट गिअर नसल्याने सारा भार ब्रेकवर येतो. सतत दाबून लायनर तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. इंजिन बंद असेल तर ब्रेक दाबायला जोर लागतो, पॉवर स्टिअरिंगही जड होते. जुन्या ड्रायव्हरांचा नियम सोपा आहे: भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये चढेल, त्याच गिअरमध्ये उतरवावी. करपल्याचा वास आला, तर रुंद जागा पाहून थांबा. ब्रेक आपसूक निवू द्या, पाणी ओतू नका. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, असा कायदाच आहे.

पावसाळ्यात मात्र घाटाचा भरवसा धरू नये. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी येऊन वाहतूक थांबली होती. मोरीवरून पाणी जात असेल, तर अलीकडेच थांबा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला, तेव्हा दोन एस.टी. गाड्या पुरात गेल्या.

घाटात गाडी बंद पडलीच, तर दिवे चमकते ठेवा आणि मागे बऱ्याच अंतरावर लाल त्रिकोण लावा. माणसांनी गाडीमागे बसू नये, रस्ता सोडून बसावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका. रेंज मिळताच ११२ लावा. चाकामागे दगड जरूर लावा, पण निघताना तो उचलून कडेला टाका. मागून मोटारसायकलवर कोणी येत असेल, त्याला तो अंधारात दिसणार नाही.