जुन्या घराची डागडुजी

आपणांपैकीं पुष्कळांचीं घरें आजोबा-पणजोबांच्या वेळचीं आहेत. सागवानी खांब, कडीपाट, दिव्याची देवळी, भिंतींत बसविलेलें फडताळ, दाराचा अडसर, या गोष्टी त्यांत अजून दिसतात. सुटी लागली कीं वडील मंडळी दुरुस्तीचा बेत करितात व ‘जुनें काढून नवें, मजबूत करूं,’ असें म्हणतात. हेतु चांगला खरा. परंतु जुन्या घराची प्रकृति जाणल्यावांचून केलेला उपचार रोगापेक्षां घातक ठरतो. हें मी स्वतःच्या चुकीनें शिकलों.

आमच्या वडिलोपार्जित घराच्या माजघरांतील चुन्याचा गिलावा ओलीनें फुगून गळूं लागला, तेव्हां मीं तो खरवडून काढविला व त्या जागीं सिमेंटचा गिलावा करविला. दोन पावसाळे भिंत आरशासारखी राहिली. तिसऱ्या वर्षीं तुळईच्या टोकापाशीं ओलाव्याचा डाग दिसला. सुतारानें तेथें पटाशी टेकवितांच लांकडाचा भुगा खालीं पडला. त्या तुळईखालीं रोज रात्रीं आमचीं मुलें निजत होतीं!

असें कां व्हावें? जुनी भिंत विटा, माती व चुना यांची. तींत शिरलेली ओल चुन्याच्या सूक्ष्म रंध्रांतून बाष्परूपानें निघून जाते. सिमेंटचा दाट थर ही वाट अडवितो. मग कोंडलेली ओल भिंतींत रोंवलेल्या तुळईच्या टोकांत मुरते, व तेथें बुरशी आणि वाळवी लागते. शिवाय लांकडी सांगाड्याचें घर ऋतुमानाप्रमाणें किंचित् हालतें. तें चुना सोसतो, सिमेंट तडकतें. पोर्टलंड सिमेंटचें पेटंट जोसेफ ॲस्पडिन यानें इंग्लंडांत १८२४ सालीं घेतलें. त्यापूर्वींच्या वाड्यांना तें ठाऊकच नव्हतें. कोऱ्या कापडाचें ठिगळ जुन्या वस्त्राला लावूं नये, हा प्रभु येशूचा दाखला गवंड्यानेंही ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

आतां चुन्याचा गुण पाहा. चुनखडी भट्टींत भाजली म्हणजे तींतील कर्बवायु निघून जातो व कळीचा चुना उरतो. पाणी घालतांच तो उकळून विरतो. वाळूबरोबर घाणींत मळून भिंतीवर चढविला, कीं हवेंतील कर्बवायु शोषून तो सावकाश पुनः चुनखडी बनतो. रसायनशास्त्राच्या तासाला पाठ केलेलें समीकरण असें आपल्या भिंतीवरच लिहिलेलें असतें! मात्र चुना विरवितांना मुलांनीं दूर राहावें; त्याचा एक थेंबही डोळ्यास अपाय करितो.

दुरुस्तीचा क्रम असा असावा. प्रथम ओल कोठून येते तें शोधावें. फुटलें कौल किंवा तुंबलेली पन्हळ तशीच ठेवून गिलावा करणें व्यर्थ होय. नंतर तुळईस टेकू देऊन कुजलेला तेवढाच भाग कापावा व जुन्या सागवानाचा तुकडा सांध्यानें जोडावा. खांबांवर चढलेला तैलरंग कोरडा घासूं नये, कारण जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो, व त्याची धूळ मुलांस विशेष बाधते. तो ओला करून जपून काढावा आणि लांकडास जवसाचें तेल द्यावें. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या भंगारवाल्यास न देतां गंज काढून जागच्या जागीं बसवाव्या. आमच्या माजघरांत शेवटीं हेंच करावें लागलें; खर्च मात्र दुप्पट झाला.

पुण्यास गेलांत तर दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा अवश्य पाहा. त्याच्या दर्शनी भागांतील सुरूच्या आकाराचे कोरीव खांब पाहिले, म्हणजे सुताराच्या हाताची किंमत कळते. १८७९ सालीं आगीनें त्या वाड्याचें मोठें नुकसान झालें, तरी तो टाकून न देतां दुरुस्त करण्यांत आला; म्हणूनच तो आज आपल्या दृष्टीस पडतो.

पालकांस विनंति एवढीच कीं, घरास हात लावण्यापूर्वीं चुन्याचें काम जाणणारा एखादा वृद्ध गवंडी गांठावा. आणि मुलांनो, या सुटींत आपल्या घराचे खण मोजा, प्रत्येक तुळईचें टोक न्याहाळा व देवळी-फडताळांचीं नांवें आजीला विचारून वहींत उतरून ठेवा. ज्याचें नांव आपणांस ठाऊक असतें, तें मोडावयास हात सहसा धजत नाहीं.