‘बर्न आफ्टर रीडिंग’ : हसता हसता प्रेक्षक कुठे अडले?

मंडळी, हास्याबद्दल हॉब्ज, कांट आणि बर्गसाँ काय म्हणतात ते आपण मागच्या व्याख्यानांत पाहिलं. आज सिद्धान्त कमी, एकच चित्रपट जास्त. सिद्धान्त एखाद्या अवघड जागी लावून बघितल्याशिवाय त्याचं बळ कळत नाही, आणि ‘बर्न आफ्टर रीडिंग’ ही तशी जागा आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी माफ करा, शेवट सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येणार नाही.

साल २००८. फेब्रुवारीत कोएन बंधूंच्या ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं होतं. ऑगस्टच्या अखेरीस त्यांच्या या नव्या चित्रपटाने व्हेनिसचा महोत्सव सुरू झाला आणि सप्टेंबरात तो अमेरिकेत लागला. पहिल्याच शनिवार-रविवारी तिकीटबारीवर पहिला आला. सुमारे ३.७ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभर १६ कोटींच्या वर कमावले. म्हणजे लोक गेले. क्लूनी आहे, ब्रॅड पिट आहे, न जायला काय झालं? पण समीक्षकांत फूट पडली. रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी तीन तारे दिले. ‘व्हरायटी’च्या टॉड मॅकार्थींना तो मुळीच पसंत पडला नाही. ‘टाइम’च्या रिचर्ड कॉर्लिस यांचा सूर तर असा, की हे सगळं कशासाठी केलं तेच मला उमगलं नाही. प्रेक्षकांतही हेच दोन तट. काही पोट धरून हसले, काही फसवल्यासारखे बाहेर आले.

कथा थोडक्यात. ऑस्बर्न कॉक्स हा सीआयएचा विश्लेषक. त्याची दारू वाढली म्हणून त्याला खालच्या जागेवर टाकतात, तो चिडून नोकरी सोडतो आणि आठवणी लिहायला बसतो. बायको घटस्फोटाच्या तयारीत, तिने त्याच्या संगणकातल्या फायली सीडीवर उतरवून घेतलेल्या. ती सीडी एका व्यायामशाळेत सापडते. तिथे काम करणारे लिंडा आणि चॅड यांना वाटतं, हाती देशाचं गुपितच लागलं! लिंडाला आपल्या शरीरावर सौंदर्यशस्त्रक्रिया करून घ्यायच्या आहेत, त्यासाठी पैसे हवेत. मग कॉक्सला धमकी, मग थेट रशियन वकिलात. आणि सीडीत काय आहे? एका निवृत्त माणसाच्या कंटाळवाण्या आठवणी. रशियनांनाही त्याचा काही उपयोग नाही.

नाराज मंडळींच्या तक्रारी मुख्यतः दोन. एक, चित्रपटात जीव लावावा असं कोणी नाही, दिग्दर्शक सगळ्यांकडे वरून बघून हसतात. दुसरी, शेवटी हाती काही लागत नाही. दुसरी आधी घेतो, कारण ती सोपी आहे.

कांटने १७९०च्या ग्रंथात हसण्याचं कारण सांगितलं ते आठवा: ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरून जाते, तेव्हा आपण हसतो. हेरकथा हा प्रकारच मुळी अपेक्षेवर उभा आहे. गुपित आहे, ते कोणाकडे आहे, ते मिळेल का? या चित्रपटात हेरकथेची सगळी यंत्रणा शाबूत आहे. कार्टर बर्वेलचं धडाड वाजणारं संगीत आहे, आकाशातून लँगलेच्या कचेरीवर उतरणारा कॅमेरा आहे, पाठलाग आहेत. फक्त गुपित नाही. तेव्हा हाती काही लागलं नाही ही तक्रार खरी, पण तो चित्रपटाचा विषयच आहे. आणि २००८च्या अमेरिकन प्रेक्षकाला हा विषय काही परका नव्हता. पाचच वर्षांपूर्वी इराकमध्ये महासंहारक शस्त्रं आहेत म्हणून युद्ध झालं होतं, आणि ती शस्त्रं सापडली नव्हती. चित्रपटात इराकचं नाव नाही, हा दुवा मी जोडतो आहे. पण नसलेल्या गुपितापायी खरी माणसं मरतात हे पाहताना तिथल्या काहींना हसू आलं नसेल, तर मला त्यात नवल वाटत नाही.

आता पहिली तक्रार. ही जड आहे.

वर बघून हसणं म्हणजे हॉब्जचं हास्य. दुसऱ्याचं वैगुण्य दिसलं की स्वतःचा मोठेपणा एकदम जाणवतो, त्याचं हसू. चॅडला आपण असंच हसतो. ब्रॅड पिटने तो काय केलाय! सायकल, च्युइंगगम, कानात गाणी, आणि बिचाऱ्याच्या डोक्यात उजेड कमी. तो चोरून कॉक्सच्या घरात शिरतो आणि कपड्यांच्या कपाटात लपतो. हॅरी, म्हणजे क्लूनी, कपाट उघडतो. चॅड त्याच्याकडे बघून गोड, बावळट हसतो. आणि हॅरी दचकून त्याच्या डोक्यात गोळी घालतो.

चित्रपटगृहातलं हसू इथे अडतं. बर्गसाँने १९००मध्ये म्हटलं होतं की विनोदाला हृदयाची क्षणभर बधिरता लागते. डॉक्टर दात काढण्याआधी सुई देतात ना, तशी. एक तास या चित्रपटाने आपल्याला ती सुई दिलेली असते आणि कपाटापाशी तिचा अंमल अचानक उतरतो. आपल्याकडे चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त करुण आणि भयानक हे हास्याचे विरोधी रस सांगितले आहेत. शेजारी बसवले तर एकमेकांना मारतात. कोएन बंधू त्यांना मुद्दाम शेजारी बसवतात. त्यामुळे ‘हे मला सोसलं नाही’ म्हणणारा प्रेक्षक अरसिक ठरत नाही. विश्वनाथ त्याच्या बाजूने आहे!

पण माझं मत विचाराल तर चॅडच्या प्रसंगात दिग्दर्शक त्याच्याकडे वरून बघत नाहीत. वरून आपण बघत होतो. गोळीनंतर चॅड एकाएकी आपल्याला हवासा वाटतो. त्या माणसाने कोणाचं फारसं वाईट चिंतलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात येतं.

पुढे सीआयएच्या कचेरीत एक अधिकारी आपल्या वरिष्ठाला घडलेलं सगळं सांगतो. जे. के. सिमन्स हा वरिष्ठ. त्याला कोण कोणाबरोबर झोपतं ते कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. प्रेताचं काय करायचं? जाळून टाका. शेवटी तो विचारतो, यातून आपण काय शिकलो? कोणालाच सांगता येत नाही. लिंडाच्या शस्त्रक्रियांचा खर्च देऊन टाका, म्हणजे ती गप्प बसेल, असं ठरतं आणि फाइल बंद होते. हा प्रसंग जवळजवळ सगळ्यांना आवडतो, चित्रपट नावडलेल्यांनाही. मला तो सर्वांत थंड वाटतो. इथे आपण कोणाबरोबर हसतो आहोत? टेबलामागच्या माणसाबरोबर.

एक चिठ्ठी आली आहे: “मग टेडचं काय?” चांगला प्रश्न आहे. टेड हा व्यायामशाळेचा व्यवस्थापक, पूर्वी धर्मगुरू असलेला, लिंडावर मुकाट प्रेम करणारा. तिच्यासाठी तो कॉक्सच्या घरात शिरतो आणि कॉक्स त्याला आधी गोळी घालून मग भर रस्त्यात कुऱ्हाडीने मारतो. रिचर्ड जेन्किन्सने हा माणूस इतका हळुवार केला आहे, की मॅकार्थींपासून सगळ्या नाराजांचा राग इथे मला पटतो. चॅडच्या मरणाला कथेत वजन मिळतं, टेडच्या मरणाला मिळत नाही. तिथून चित्रपट घाईने कचेरीत जातो. ज्या एका माणसाला लोभ नव्हता, त्याचं मरण नुसतं अहवालातलं एक वाक्य होतं. हे दिग्दर्शकांनी जाणूनबुजून केलं असणार. तरी मला ते हिशेबात बसवता आलेलं नाही, आणि मी बसवणारही नाही.

पुढच्या वेळी ग्रॅहम ग्रीनच्या कादंबरीवर कॅरल रीडने १९५९ साली केलेला ‘अवर मॅन इन हवाना’ घेऊ. त्यात व्हॅक्यूम क्लीनर विकणारा माणूस त्याच यंत्राच्या भागांची चित्रं काढून गुप्त शस्त्र म्हणून लंडनला पाठवतो. तिथेही गुपित नाही, आणि तिथेही माणसं मरतात. ज्यांना जमेल त्यांनी तो बघून या.