घरातील तरुण मन आजारी पडते तेव्हा

मुलाला विषमज्वर झाला तर शेजारीण पेज घेऊन येते, कावीळ झाली तर गल्लीतील चार जण झाडपाला सुचवतात. परंतु विशी-पंचविशीतील मुलाचे मन आजारी पडले की त्याच घराची दारे आतून लावली जातात. आमच्या बेळगाव भागात काय किंवा इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे काय, मराठी कुटुंबांचा गोतावळा मुळातच लहान. सोयरिकी जुळायच्या त्या त्याच ओळखीच्या घरांत. त्यामुळे धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या काळजीने थोरल्या भावाचे दुखणे वर्षानुवर्षे दडवले जाते. शिक्षकी पेशात आयुष्य गेल्याने अशी काही घरे आम्ही जवळून पाहिली. त्यांनी काय सोसले आणि कशाने ती सावरली, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

मनाचे आजार अनेक प्रकारचे असले, तरी घराची घडी सर्वाधिक विस्कटते ती छिन्नमनस्कतेने, म्हणजेच स्किझोफ्रेनियाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर तीनशे माणसांमागे सुमारे एकाला हा आजार असतो. त्याची सुरुवात बहुधा विशीच्या आसपास होते. मुलींत ती काहीशी उशिराही होते. नेमके हेच वय शिक्षण, नोकरी आणि लग्न यांचे. मुलगा एकलकोंडा होतो, अंघोळ टाळतो, रात्ररात्र जागतो, कोणी नसताना बोलतो. घरच्यांना आधी तो आळस वाटतो, मग प्रेमभंग, मग व्यसन आणि शेवटी बाहेरची बाधा.

आमच्या परिचयातील एक घर घ्या. वडील बँकेतून निवृत्त, मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. परीक्षेला न बसता तो घरी परतला आणि आपल्या जेवणात कोणी तरी विष कालवते, असे म्हणू लागला. आईच्या हातचा घासही त्याने वर्ज्य केला. त्या माउलीने देवापुढे हात ठेवून शपथा घेतल्या, त्याच्या ताटातला पहिला घास स्वतः खाऊन दाखवला. त्याचा संशय मात्र वाढतच गेला. पहिले वर्ष नरसोबाची वाडी आणि गाणगापूर यांच्या वाऱ्यांत गेले. श्रद्धेने त्या घराला धीर दिला, हे आम्ही नाकारत नाही. पण औषधाचा पहिला डोस पोटात जायला दीड वर्ष लोटले, हेही खरे.

धारवाडला उपचार सुरू झाल्यावर डॉक्टरांनी आईला एकच गोष्ट सांगितली: त्याच्या संशयाशी वाद घालू नका आणि त्याला होकारही देऊ नका, त्याला भीती वाटते आहे एवढेच मान्य करा. तेव्हापासून ती त्याला स्वयंपाकघरात पाटावर बसवून घेऊ लागली. भाकरी त्याच्या डोळ्यांदेखत तव्यावरून थेट ताटात पडे. काही आठवड्यांनी, औषधाचा गुण येऊ लागला तसा तो पूर्ववत जेवू लागला. पुढे आठ महिन्यांनी ‘आता बरा झाला’ म्हणून वडिलांनी गोळ्या थांबवल्या आणि दुखणे दुप्पट जोराने उलटले. आज तो मामाच्या छापखान्यात सकाळचे चार तास हिशेब पाहतो. पदवी राहिली ती राहिलीच. ‘आमचा मुलगा हुशार होता,’ असे वडील अजून भूतकाळात बोलतात. जिवंत मुलाच्या हरवलेल्या भविष्याचे हे सुतक कसे फेडावे, हे त्यांना कोणी शिकवलेले नाही.

कुटुंब हेही औषध असते, हे आपल्या देशातील वैद्यांनी फार पूर्वी ओळखले होते. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहवून घेतले. माणूस टाकून जाण्याऐवजी आई-वडील त्याची शुश्रूषा शिकून त्याला घरी घेऊन जाऊ लागले. पुढे 1970 च्या दशकात इंग्लंडमधील संशोधकांना असे आढळले, की ज्या घरात सतत टोमणे, राग किंवा अतिकाळजी असते, तेथे आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असते. ‘शेजारचा रमेश बघ’ हे वाक्य म्हणूनच अशा घरातून हद्दपार व्हावयास हवे. सूचना एका वेळी एकच द्यावी, काम लहान द्यावे आणि झालेल्या कामाची दखल घ्यावी. सारा भार आईवर पडतो, तो भावंडांनी आणि काका-मामांनी वाटून घ्यावा. तिला आठवड्यातून एक संध्याकाळ तरी मोकळी मिळाली पाहिजे.

गोळ्यांविषयी आपल्याकडे भलतीच धास्ती आहे. 1952 साली क्लोरप्रोमाझिन या औषधाचा उपयोग ध्यानात आला, तेव्हापासून या आजाराचे चित्र पालटले. औषधांनी झोप येते, वजन वाढते, कधी अंग ताठरते, हे खरे; परंतु त्यावर डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात. आपण होऊन गोळी बंद करणे हा त्यावरील उपाय नव्हे. परप्रांतातील आपल्या लोकांना आणखी एक अडचण येते. मनातले भय मातृभाषेतून उमटते आणि डॉक्टर कन्नड, हिंदी किंवा गुजराती बोलणारे. अशा वेळी झोप, जेवण, औषध आणि वागण्यातील बदल यांची तारीखवार वही ठेवावी आणि दोन्ही भाषा जाणणारे माणूस बरोबर न्यावे. मुलगा मरणाची भाषा बोलू लागला तर ती थट्टेवारी नेऊ नये. गोळ्या, कीटकनाशके कुलपात ठेवावीत, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य सुरू असून तेथे मराठीतूनही बोलता येते.

‘लग्न करून द्या, ताळ्यावर येईल’ हा सल्ला देणारे वडीलधारे प्रत्येक गोतावळ्यात असतात. लग्न हे औषध नव्हे. आजार लपवून आणलेली सून दुहेरी फसवली जाते, आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार असा विवाह न्यायालयात रद्दही ठरू शकतो. आजार आटोक्यात आहे, दोन्ही बाजूंना सारे ठाऊक आहे आणि मुला-मुलीची इच्छा आहे, तर गोष्ट निराळी.

उपचाराची ठिकाणे आपल्यापासून दूर नाहीत. धारवाडच्या संस्थेचा इतिहास 1845 पर्यंत मागे जातो, ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा 1935 ची, तर गोमंतकीयांना बांबोळीची संस्था जवळ आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळूही शकले नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणे निषिद्ध केले आणि सरकारी उपचाराचा हक्क दिला. आपल्यासाठी निर्णयास साहाय्य करणारी व्यक्ती नेमण्याची मुभाही रुग्णाला दिली.

पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणते. ‘वेडा’ या शब्दाने मिटलेली तोंडे अशा शब्दांनी उघडतात. तेथे अशी कुटुंबे एकत्र बसून एकमेकांना आधार देतात. आपल्या गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांत आणि वाचनालयांत गणेशोत्सव, व्याख्यानमाला होतात. तेथेच महिन्यातून एक दुपार अशा घरांसाठी राखून ठेवणे अवघड नाही. ‘आमच्या मागे याचे कसे होणार?’ हा प्रश्न प्रत्येक आई-वडिलांना रात्री जागवतो. त्याचे उत्तर एका घराला एकट्याने सापडणार नाही. दहा घरे एकत्र बसली, तर देखरेखीची पाळी, थोडी ठेव, एखादे हलके काम अशी व्यवस्था हळूहळू उभी राहू शकेल. ज्या मंडळांच्या कार्यकारिणीत आमचे वाचक आहेत, त्यांनी येत्या बैठकीत हा विषय काढावा, अशी आमची त्यांना विनंती आहे.