शिक्षेआधीची शिक्षा

रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी न्यायालयाच्या आवारात सकाळी उभे राहिले, तर जमलेल्या माणसांत अट्टल गुन्हेगार थोडेच दिसतात. बहुतेक चेहरे मजुरांचे, लहान शेतकऱ्यांचे आणि त्यांच्यासोबत आलेल्या आप्तांचे असतात. सोयाबीनच्या सोंगणीत पडलेली तारीख म्हणजे बुडालेली मजुरी. न्यायालयाने दिलेली शिक्षा निकालपत्रात नोंदली जाते. खटला चालू असताना भोगलेली शिक्षा मात्र कोठेच नोंदली जात नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हा न मांडलेला हिशेब अस्वस्थ करतो.

समजा, एकोणीस वर्षांच्या तरुणाने एखाद्याच्या खळ्यावरून सोयाबीनची तीन पोती पळवली. माल परत मिळाला. तरुणाने चूक कबूल केली. पूर्वीचा एकही गुन्हा त्याच्या नावावर नाही. तोच सतरा वर्षांचा असता, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार, शक्यतो न्यायालयीन कारवाई टाळून त्याला वेगळ्या मार्गाला वळवण्याचे तत्त्व लागू झाले असते. केवळ दोन वर्षांच्या अंतराने तो संपूर्ण खटल्याच्या चरकात सापडतो.

आपला कायदा निर्दय आहे, असे नाही. मुंबई प्रांताने १९३८ मध्येच परिवीक्षेचा कायदा केला. १९५८ च्या केंद्रीय कायद्याने समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर अपराध्याला सोडण्याची आणि एकवीस वर्षांखालील तरुणांना शक्यतो तुरुंगापासून दूर ठेवण्याची तरतूद केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने सामुदायिक सेवा ही शिक्षा प्रथमच आणली. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिली चोरी आणि माल परत, अशा प्रसंगी ती द्यावयाची आहे. आपल्या उदाहरणातील तीन पोती या मर्यादेत बसणार नाहीत, ही गोष्ट वेगळी. परंतु या सर्व सवलतींत एक साम्य आहे : त्या दोष सिद्ध झाल्यानंतरच्या आहेत. दार उघडते, पण सारा वाडा ओलांडून गेल्यावर!

चोरीच्या खटल्यात मालाच्या धन्याला तडजोड करता येते, हे खरे. पण तडजोड हा दोन पक्षांमधील व्यवहार आहे आणि गावगाड्यात ते दोन पक्ष क्वचितच समान असतात. शिवाय तरुणाला काम मिळाले काय, त्याचे व्यसन सुटले काय, हे तडजोडीनंतर कोण पाहणार?

हे पाहण्याची व्यवस्था अन्यत्र आहे. जर्मनीत १९७५ पासून किरकोळ गुन्ह्यांत आरोपीच्या, आणि सामान्यतः न्यायालयाच्याही, संमतीने भरपाईसारख्या अटी घालून खटला थांबवण्याचा अधिकार सरकारी अभियोक्त्याला आहे. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे अभियोक्त्याच्या कार्यालयाने १९९० मध्ये, व्यसनापायी गुन्ह्यात सापडलेल्यांना तुरुंगाऐवजी दीर्घ उपचाराकडे वळवण्याचा उपक्रम सुरू केला. तेथे अभियोक्त्याचे काम शिक्षा मागण्यापाशी संपत नाही. अटी पाळल्या जातात काय, यावरही त्याला लक्ष ठेवावे लागते.

आपल्याकडील सरकारी वकिलाला खटला मागे घेण्याचा अधिकार मुळीच नाही काय? आहे. न्यायालयाच्या संमतीने तो खटला काढून घेऊ शकतो. जुन्या संहितेचे कलम ३२१ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३६० झाले आहे. पण या अधिकाराची चर्चा होते ती बहुधा आंदोलनांचे आणि लोकप्रतिनिधींचे खटले मागे घेताना; इतकी, की आमदार-खासदारांवरील खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीविना मागे घेऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये बजावावे लागले. पुढाऱ्यासाठी जे कलम आठवते, ते मजुराच्या पोरासाठी का आठवू नये?

यावर आक्षेप येईल की, असा अधिकार दिल्यास वशिल्याला आणि पैशाला रान मोकळे होईल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. म्हणूनच पहिलाच आणि लहानसा गुन्हा, फिर्यादीचे म्हणणे ऐकणे, वकिलाने लेखी कारणे देणे आणि न्यायालयाची मान्यता ही चार कुंपणे हवीत. स्त्रियांवरील व दलित-आदिवासींवरील अत्याचाराचे गुन्हे यातून पूर्णपणे वगळलेच पाहिजेत. देखरेखीसाठी परिवीक्षा अधिकारी तालुक्यापर्यंत पोहोचला पाहिजे. त्याला खर्च येईल. पण साक्षीदारांच्या खेपा, पोलिसांचे दिवस आणि बुडालेली मजुरी यांचाही खर्च आहेच. तो सरकारी अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच.

सरकारी वकील हा केवळ शिक्षा मागणारा माणूस नव्हे. तो समाजाचा वकील आहे. एखादा तरुण कायमचा गुन्हेगार होणार नाही, हे पाहणे समाजाच्या हिताचे नाही काय?