फिरते, पण वाचते का?

भंगारवाल्याच्या लेखी जुनी हार्ड डिस्क म्हणजे ॲल्युमिनियम. नारायणगाव असो की मंचर, ती तराजूवरच जाणार. हौशी संग्राहक मात्र आधी लेबल वाचतो. सीगेटची एसटी-५०६ (१९८०, ५ मेगाबाइट) हाती लागली तर भाग्यच. तिच्यानंतर आलेली २० मेगाबाइटची एसटी-२२५ भरपूर खपली, म्हणून ती दुर्मीळ नव्हे. दुर्मीळ आहे ती चालू असलेली एसटी-२२५.

‘लावून तर बघू’ म्हणत बटण दाबण्यात बऱ्याच जुन्या डिस्क गेल्या. आधी सर्किट बोर्ड नीट पाहायचा. त्यावरचे जुने कपॅसिटर आतून शॉर्ट झालेले असू शकतात. मग मीटर लावून ५ आणि १२ व्होल्टच्या वाटा तपासायच्या. त्यानंतरच वीज, आणि कान डिस्ककडे. नुसती गुणगुण येऊन तबकडी हलत नसेल, तर वाचणारं हेड तिच्या पृष्ठभागाला चिकटलेलं असण्याची शक्यता मोठी. एसटी-२२५ मध्ये हेड आपोआप सुरक्षित जागी जात नसे. संगणक हलवण्यापूर्वी ‘पार्क’ नावाचा प्रोग्रॅम चालवावा लागे, आणि तो कितीजण चालवत असतील हा प्रश्नच आहे. झाकण उघडून बोटाने तबकडी फिरवायचा मोह टाळावा. हेड तबकडीपासून इतक्या कमी अंतरावर तरंगतं, की धुळीचा कणही तिथे धोंडा ठरतो.

डिस्क फिरली म्हणजे वाचली असं नाही. त्या काळच्या या डिस्क स्वतः फारसं काही जाणत नसत. माहिती कशी लिहायची आणि वाचायची, हे संगणकातलं कंट्रोलर कार्ड ठरवी. एका कार्डाने लिहिलेलं दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला कळेलच याची खात्री नाही. भंगारात डिस्क येते, कार्ड भलतीकडे जातं, आणि शाबूत माहितीही मुकी होते. आजचा यूएसबी अडॅप्टर इथे कामाचा नाही. त्याला आयडीई ही नंतरची पद्धत कळते, आणि अगदी सुरुवातीच्या आयडीई डिस्कही तो बरेचदा नाकारतो. डेव्हिड गेसवाइन यांनी तयार केलेल्या एमएफएम रीडरसारखं उपकरण हेडकडून येणारा कच्चा संकेतच टिपून घेतं. अर्थ नंतर सॉफ्टवेअरने लावायचा. फॉरमॅटचं नाव या टप्प्यावर काढूच नये.

कच्चा संकेत आधी, अर्थ नंतर – या रीतीचं मोठं उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. २०१० ते २०१२ या काळात त्यांनी १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचं सर्वेक्षण केलं. हाच कच्चा डेटा ह्यूब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीने पुन्हा तपासला आणि २०१७ साली सुमारे ६.२ लाख रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. दुर्बीण नव्याने वळवावी लागली नाही. फाइली वाचता येत होत्या, एवढ्यावर हे झालं. माझ्या मते संग्राहकाने हेवा करावा तो याचा, दुर्मीळ लेबलाचा नव्हे.

खोडदचा शेजार संग्राहकाला थोडा अडचणीचाही आहे. जुना संगणक आणि त्याचा पॉवर सप्लाय हे रेडिओ गोंगाटाचे कारखानेच; दुर्बिणीला तो नको असतो. म्हणून जीएमआरटीचे स्वतःचे संगणकही लहरी अडवणाऱ्या खोल्यांत ठेवलेले असतात. तेव्हा डिस्कची चाचणी अँटेनाच्या कुंपणाशेजारी करू नये, एवढी शेजारधर्माची अपेक्षा गैर नाही.

पतसंस्थेच्या किंवा साखर कारखान्याच्या कपाटात असा एखादा जुना संगणक पडून असेल, तर डिस्क एकटी काढून देऊ नका. तिचं कार्ड आणि दोन्ही पट्टी-केबल (एक ३४ पिनांची, दुसरी २० पिनांची) सोबत बांधा. कोणती केबल कुठे लागली होती त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. डिस्कच्या लेबलवर खराब जागांची यादी हाताने लिहिलेली किंवा छापलेली असते; तिच्यावर स्टिकर चिकटवू नका. आणि वीज, कुणी जाणकार येईपर्यंत, देऊच नका.