शेतावरचा विटांचा वाडा : रचना, झीज आणि जतन

भिलाईला लागून असलेल्या कुरुद येथील एक मराठी ग्राहक गेल्या वर्षी गृहकर्जाच्या चौकशीसाठी शाखेत आले. वडील पोलाद कारखान्यातील नोकरीनिमित्त इकडे स्थायिक झालेले. मूळ गाव मात्र वाई तालुक्यात. तेथे शेताला लागून पणजोबांनी बांधलेला विटांचा वाडा आहे. "भिंतींना लोणा लागला, कौले सरकली. पाडून सिमेंटचे घर बांधावे म्हणतो," असे ते म्हणाले आणि क्षणभर थांबून त्यांनीच विचारले, "पण साहेब, तो पाडण्याजोगा झाला आहे का हो?" परतफेडीची क्षमता ठरविणे हे आमचे काम, या प्रश्नाचे उत्तर मात्र आमच्या कोष्टकांत नव्हते. त्याचा शोध घेताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

वीट किती टिकते?

याचे उत्तर छत्तीसगडमध्येच उभे आहे. महासमुंद जिल्ह्यात महानदीकाठी वसलेल्या सिरपूर येथील लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातील आहे. राजा महाशिवगुप्त बालार्जुन याची माता वासटा हिने पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ ते उभारले. दगडी चौथऱ्यावर, विटांवर कोरीव काम करून रचलेले हे मंदिर सुमारे तेराशे पावसाळे सोसून उभे आहे. पुढचा मंडप ढासळला. गाभारा आणि शिखराचा बराच भाग टिकला. तात्पर्य, वीट मुळात अल्पायुषी नाही. तिचे आयुष्य ठरते ते पाणी, जोड आणि निगा या तीन गोष्टींवर.

वाड्याची रचना

आता वाई परिसराकडे वळू. कृष्णाकाठच्या मेणवली गावी नाना फडणवीसांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला वाडा प्रसिद्ध आहे. सभोवती तटाची भिंत, आत सहा चौक, भिंतींवर चित्रे आणि पाठीशी नदीचा घाट. 'स्वदेस' (२००४) या चित्रपटामुळे हे गाव अनेकांनी पडद्यावर पाहिले आहे. आमच्या ग्राहकाचे घर अर्थातच इतके मोठे नाही; परंतु बांधणीचे तत्त्व तेच आहे.

ओल वर चढू नये म्हणून घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब व तुळयांचा सांगाडा आणि भाजलेल्या विटांच्या चुन्यात रचलेल्या जाड भिंती, ही त्या काळच्या वाड्यांची सर्वसाधारण रीत. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. घराचे मोठेपण खणांत मोजले जाई. मध्यभागीचा चौक उजेड आणि वारा आत आणतो. जाड भिंती दुपारचे ऊन लगेच आत येऊ देत नाहीत. शेतकऱ्याच्या वाड्यात याच चौकाभोवती धान्याची कोठारे, गोठा आणि माजघर यांची मांडणी असे.

या रचनेचे बळ आणि उणीव दोन्ही पुण्याच्या शनिवारवाड्यात दिसतात. १८२८ सालच्या आगीत लाकडी मजले भस्मसात झाले. जोती आणि तट उरले. दिल्ली दरवाजाच्या बुरुजांवर दगडी पायावरील विटांचे काम आजही पाहता येते. वीट आगीला पुरून उरली, लाकूड उरले नाही.

झीज कोठून सुरू होते?

चुन्याचा गिलावा मऊ असतो आणि भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडते. दुरुस्ती म्हणून त्यावर घट्ट सिमेंट चढविले की ओल आतच कोंडते. क्षार विटेच्या पृष्ठभागाजवळ साठून स्फटिकरूप होतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. हाच लोणा. भिंतीत रोवलेली तुळयांची टोके अशा ओलीने कुजतात, मागोमाग वाळवी येते. म्हणजे ज्याला आपण मजबुती समजतो, तोच पुष्कळदा रोगाचा आरंभ असतो.

कायदा काय करतो?

राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंना १९५८ च्या केंद्रीय अधिनियमाचे संरक्षण आहे. २०१० च्या सुधारणेनुसार अशा वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटर क्षेत्रात परवानगी लागते. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा अधिनियम आहे. मुंबईत १९९५ च्या नियमावलीने वारसा वास्तूंची श्रेणीनिहाय यादी केली. परंतु खेड्यातील साधा खाजगी वाडा सहसा यांपैकी कोणत्याच यादीत नसतो. आणि यादीत असला, तरी कायदा पाडकाम थांबवू शकतो. गळती थांबवू शकत नाही. ते काम घरात राहणाऱ्यांचेच.

मालकाने काय करावे?

प्रथम पाणी आवरावे : कौले शाकारणे, पन्हळी साफ ठेवणे, जोत्याजवळ पाणी साचू न देणे. गिलावा चुन्याचाच करावा, तोही जाणकार गवंड्याकडून. तुळयांची टोके दरवर्षी तपासावीत. जुन्या विजेच्या तारा बदलून आगीचा विमा उतरवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सामाईक मालकीची कागदपत्रे नीट करून घ्यावीत. अनेक वाडे पावसापेक्षा भाऊबंदकीतच अधिक ढासळतात, कारण सर्वांचा असलेला वाडा शाकारण्याची पाळी कोणाचीच नसते.

हिशेबाच्या वहीत इमारतीवर आपण घसारा धरतो. टाळलेली दुरुस्ती मात्र कोठेही नोंदली जात नाही, आणि तिच्यावर चक्रवाढ व्याज चढत राहते. एका सरकलेल्या कौलाचा खर्च पाच वर्षांनी तुळईएवढा होतो.

आमच्या ग्राहकांनी पाडकामापूर्वी जुन्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याकडून वाडा तपासून घेतला. दोन तुळया आणि मागची एक भिंत गेली होती. बाकीचे घर धडधाकट निघाले. कर्जाचा अर्ज त्यांनी मागे घेतला नाही. प्रयोजनाच्या रकान्यातील 'नवीन बांधकाम' खोडून 'दुरुस्ती' लिहिले आणि मागितलेली रक्कम निम्म्याहून कमी केली. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी कौले बसली आहेत.