देवीची लस : कोणाला आणि केव्हा?



मंकीपॉक्सची बातमी वर्तमानपत्रात आली की कारखान्याच्या दारात दोन तऱ्हेची माणसे भेटतात. तरुण विचारतात, "आम्हांला देवी काढलेल्याच नाहीत, आमचे काय होणार?" आणि माझ्या वयाची मंडळी बाही वर करून वण दाखवतात व म्हणतात, "आम्हांला कसली भीती?" तरुणांची धास्ती आणि वयस्कांचा भरवसा, दोन्ही जरा तपासून घेतले पाहिजेत.

प्रथम देवीविषयी. हा रोग आज जगात नाही. आपल्या देशातील शेवटची रोगी मे १९७५ मध्ये आसामात करीमगंज येथे सापडली; ती बांगलादेशातून आली होती. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले, आणि सरसकट देवी काढण्याची गरज उरली नाही. तेव्हा १९८० नंतर जन्मलेल्यांना ही लस मिळाली नाही, यात कोणाची हयगय नाही. रोग गेला म्हणून लस थांबली.

रोग गेला कसा, हे कळले की पुढचे सोपे होते. हिंदुस्थानातील पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षे लस हाताशी होती, तरी १९७४ साली एकट्या बिहारात हजारो माणसे देवीने दगावली. रोग हटला तो पद्धत बदलल्यावर. आरोग्यसेवक घरोघर फिरून रोगी हुडकू लागले आणि रोगी सापडताच त्याच्या भोवतालच्या माणसांना तातडीने लस टोचू लागले. एका घराला आग लागली तर आपण शेजारची छपरे आधी भिजवतो, तशातलाच हा प्रकार. रोग्याची खबर देणाऱ्याला बक्षीसही होते. ते पुढे १,००० रुपयांपर्यंत वाढविले. हे बक्षीस ध्यानात असू द्या.

आता मंकीपॉक्स, ज्याला २०२२ पासून एमपॉक्स म्हणतात. तो देवीच्या कुळातला, परंतु वेगळा व तितका घातक नसलेला रोग. १९५८ साली कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतील माकडांत तो प्रथम दिसला म्हणून ते नाव पडले. माणसात तो १९७० साली काँगोत आढळला. २०२२ मध्ये तो अनेक देशांत पसरला आणि त्या जुलैत केरळातही पोचला. जागतिक संघटनेने २०२२ व २०२४ साली आणीबाणी जाहीर केली. दुसरी सप्टेंबर २०२५ मध्ये उठली. आणीबाणी उठली म्हणजे रोग संपला असे मात्र नव्हे.

ताप, अंगदुखी, काखेत किंवा जांघेत गाठी आणि अंगावर फोड ही त्याची लक्षणे. फोड तळहातांवर व तळपायांवरही येतात. दुखणे दोन ते चार आठवडे चालते. तो मुख्यतः निकट स्पर्शाने, शरीरसंबंधाने व रोग्याच्या कपड्यांतून, अंथरुणातून लागतो.

देवीची लस ह्या रोगालाही बरीच अडवते. १९८० च्या दशकात काँगोत झालेल्या पाहणीत ते संरक्षण सुमारे ८५ टक्के दिसले. परंतु वर्षे लोटली की ते ओसरते. शिवाय दंडावरचा वण क्षयाच्या बीसीजी लशीचाही असू शकतो. म्हणून नुसत्या वणावर विसंबू नये. कांजिण्यांची किंवा गोवराची लस ह्या कामी येत नाही.

जुनी लस जिवंत विषाणूची होती. दुटोकी सुईने टोचल्यावर फोड येई, तो खपली पडेपर्यंत जपावा लागे. इसब असलेल्यांना, गरोदर स्त्रियांना व प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांना तिचा धोका असे. आजच्या 'एमव्हीए-बीएन' लशीतील विषाणू माणसाच्या शरीरात वाढत नाही. म्हणून एचआयव्हीची बाधा असलेल्यांनाही ती देतात. चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा घ्यावयाच्या. दंड दुखणे, सूज, थकवा, डोकेदुखी हे त्रास होतात व थोड्या दिवसांत जातात.

ही लस सर्वांनी घ्यावी काय? नाही. ती रोग्याच्या निकट सहवासात आलेल्यांसाठी, त्याची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आणि ह्या विषाणूवर प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी आहे. जेथे साथ आहे तेथे अनेकांशी शरीरसंबंध असणाऱ्यांसाठी, विशेषतः पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी व देहविक्रय करणाऱ्यांसाठीही आहे. हे बोलताना आपल्याकडे माना खाली जातात. जाऊ नयेत, लाजेने माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि रोगाचे फावते.

रोग्याशी संपर्क झाला असेल तर लस शक्यतो चार दिवसांच्या आत, फार तर चौदा दिवसांत टोचली पाहिजे. रोग झाल्यावर ती औषध म्हणून चालत नाही. आपल्याकडे सर्वसाधारण लोकांसाठी तिची मोहीम नाही. शंका आली तर सरकारी रुग्णालयात किंवा नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात विचारावे. कोणी परस्पर लस विकू लागला तर टोचून घेऊ नये.

आता मूळ अडचणीकडे येतो. ही चार दिवसांची मुदत पाळली जाणार केव्हा? रोगी वेळेवर तोंड उघडील तेव्हा. खपल्या पडून नवी कातडी येईपर्यंत त्याने वेगळे राहिले पाहिजे. एका खोलीत सहाजण राहणाऱ्या रोजंदारीच्या मजुराला हे सांगा. त्याचा महिन्याचा रोज बुडतो. तो पूर्ण बाहीचा सदरा चढवून यंत्रावर उभा राहील. त्याला बेजबाबदार ठरविणे सोपे आहे, पण त्याची चूल कोण पेटविणार? कामगार राज्य विमा योजनेत हप्त्यांची अट पुरी केलेल्या कामगाराला आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. हा हक्क पुष्कळांना ठाऊकच नसतो, आणि असंख्य मजूर त्या योजनेबाहेर आहेत.

देवीच्या वेळी खबर देणाऱ्याला बक्षीस मिळत होते. आज मजुराने स्वतःच्या दुखण्याची खबर दिली तर त्याचा पगार कापला जातो. तेव्हा मालकांनी व संघटनांनी दोन गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात : अशा रोग्याला पगारी रजा मिळेल, आणि त्याचे नाव बाहेर फुटणार नाही. तसे झाले तर तो पहिल्याच दिवशी बोलेल, आणि त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाला लस वेळेवर मिळेल.